मधली डबी

"आवाऽऽज!"

गॅदरिंगला मागच्या रांगेतून ही आरोळी आली नाही असं आपल्या कॉलेजात कधी झालेलं नाही. माइक बंद असला तरी येते, चालू असला तरी येते. त्यामुळे सेकंड इयरच्या गॅदरिंगला मी गिटार घेऊन स्टेजवर बसले आणि ही आरोळी आली, तेव्हा मला आधी काहीच वाटलं नाही. नेहमीचंच आहे, म्हटलं. मग आणखी दहा जण ओरडले. मग कोणीतरी ओरडलं, "शिलाई मशीन!" आणि अख्खा हॉल हसला. तेव्हा कळलं की आज खरंच काहीतरी बिघडलंय.

पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. ज्यांना आठवत नसेल त्यांनी कृपया आठवू नये. पण मीच सांगायला बसलेय, तर सांगून टाकते. मी वाजवायचं थांबवलं, निवेदिकेचा माइक ओढला आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्लिशमध्ये सुनावलं, "कॅन द साउंड पर्सन प्लीज डू हिज जॉब?" टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. कोपऱ्यात मिक्सरमागे बसलेले साउंडवाले काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी खाली बघून एक फेडर हळूच ओढला. बस.

या लेखात खरं तर गिटारच्या आवाजाबद्दल लिहायचंय. पण ते वाक्य आधी सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येईना. (ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने तपासलंय. शाळेत मराठी हा माझ्यासाठी पास होण्यापुरता विषय होता, तेव्हा चुका राहिल्या असल्या तर त्यांच्या.)

तर गिटार. हॉस्टेलमध्ये गिटार म्हटलं की लोकांना वाटतं, ही कॉर्ड्स वाजवणार आणि आपण गायचं. माझी ती गिटार नाही. माझी क्लासिकल. हिच्या तारा नायलॉनच्या, वाजवायची बोटांनी आणि नखांनी, प्लेक्ट्रम नाही. म्हणून उजव्या हाताची नखं वाढवलेली आणि डाव्या हाताची पार कापलेली. पहिल्याच महिन्यात मेसच्या मावशींनी पोळी वाढता वाढता विचारलं होतं, "एकाच हाताची नखं? कुठला नवस बोललीयस गं?" फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना ती नखं कशी सांभाळली ते माझं मला माहीत.

हे वाद्य मुळातच हळू बोलणारं. आजच्या गिटारचा आकार आणि आतल्या पट्ट्यांची पंख्यासारखी रचना ज्याने पक्की केली तो अंतोनियो दे तोरेस एकोणिसाव्या शतकातला स्पॅनिश कारागीर. त्याच्यासमोर होत्या दिवाणखान्याएवढ्या खोल्या, आठशे पोरांचा हॉल नव्हे. तेव्हा तारा होत्या प्राण्यांच्या आतड्याच्या. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा दोरा जखमा शिवायला लागू लागला, तारा मिळेनाशा झाल्या, आणि युद्ध संपल्यावर न्यूयॉर्कच्या ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा काढल्या. सेगोव्हिया त्या वाजवायला लागला आणि मग सगळेच वाजवायला लागले. हा सेगोव्हिया माइकच्या ठार विरोधात. हजारो लोकांपुढे नुसती गिटार घेऊन बसायचा आणि लोक श्वास धरून ऐकायचे. नंतरच्या पिढीतल्या जॉन विल्यम्सने मात्र सरळ स्पीकर वापरले. आमचे गिटारचे सर मूळचे गोव्याचे, आणि सेगोव्हियाच्या पंथातले. त्यांच्याकडे पाचवीपासून शिकले, ट्रिनिटीच्या परीक्षा दिल्या, पण गिटारला वायर लावायची असते हे मला कोणी शिकवलंच नाही. परीक्षेत ऐकणारा सहा फुटांवर बसलेला असतो. त्याने कधी "आवाऽऽज" म्हटलं नाही.

इलेक्ट्रिक गिटारला असतो तसा चुंबकाचा पिकअप इथे चालत नाही, कारण नायलॉनला चुंबक काय करणार! मग मी इंजिनिअरिंगचं डोकं चालवलं. पासोड्या विठोबापाशी जाऊन वीस रुपयांची पिएझोची पितळी चकती आणली. तीच, जी बझरमध्ये असते. दाब पडला की वीज देणारे स्फटिक क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधले, त्यावर चालणारी. दोन वायरी सोल्डर केल्या, चकती ब्रिजच्या खाली आतून चिकटवली, जॅक लावला. रूममेटच्या छोट्या स्पीकरला जोडून पाहिलं तर आवाज आला. जरा पातळ वाटला, पण रूममेट म्हणाली "लई भारी", आणि लातूरच्या माणसाने "लई भारी" म्हटलं की विषय संपला.

गॅदरिंगच्या दिवशी माझा नंबर ग्रुप डान्सनंतर. पाच मिनिटं आधी जॅक घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चकती बघितली, वायर बघितली, म्हणाले, "मॅडम, ह्याला मधी डबी लागंल. धा मिन्टं द्या, टेम्पोत हाय. नायतर एक माइक लावतो समोर."

मी म्हटलं, "वेळ नाहीये. जस्ट प्लग इट इन."

माइक मला नकोच होता. सगळ्या मोठ्या कलाकारांच्या व्हिडिओत समोर काही नसतं, मग माझ्यासमोर स्टँड का? असा तो रुबाब.

वाजवायला घेतलं होतं तारेगाचं 'रेक्वेर्दोस दे ला अलाम्ब्रा'. यात तीन बोटं एकाच तारेवर भरभर फिरत राहतात आणि खाली अंगठा सगळा आधार देतो. नीट वाजलं तर कारंज्यासारखं वाटतं. त्या दिवशी अंगठ्याचा एकही सूर हॉलमध्ये पोचला नाही. उरली फक्त नखांची टिकटिक. ओरडणारा पोरगा कोण ते मला अजून माहीत नाही, पण त्याचा कान चांगला होता. शिलाई मशीनच ते. काकांनी बिचाऱ्यांनी बास वाढवला, तर स्पीकरच्या आवाजाने गिटारची पोकळीच थरथरायला लागली आणि ती म्हशीसारखी हंबरली. मग माझं ते ऐतिहासिक वाक्य.

दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरले की आपल्या कॉलेजचं साउंड बोगस आहे.

खरं काय ते कळलं ओरल्सच्या अभ्यासात. 'लोडिंग इफेक्ट' हा प्रश्न मी थर्ड सेमला लिहिला होता, दहापैकी आठ मार्क होते. तोच पुन्हा वाचताना एकदम चकती आठवली. तसली चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रेझिस्टन्स धरा १० किलोओहम. म्हणजे झाला हाय-पास फिल्टर. कटऑफ काढा: सुमारे ८०० हर्ट्झ! आता गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची आणि सगळ्यात वरची मोकळी तार ३३० ची. म्हणजे माझ्या सहाच्या सहा मोकळ्या तारा कटऑफच्या खाली. खालची तार तर २० डीबीने गाडली गेलेली. मिक्सरला गिटार कधी मिळालीच नव्हती, फक्त नखं मिळाली होती. काकांची 'मधली डबी' म्हणजे डीआय बॉक्स, बॅटरीवर चालणारी. तिच्या आतला इनपुट १ मेगाओहम. तो धरून पुन्हा गणित केलं तर कटऑफ ८ हर्ट्झ. माणसाच्या ऐकण्याच्याही खाली.

त्या माणसाने इंपीडन्स हा शब्द कधी उच्चारला नसेल. मी उच्चारला होता, आठ मार्कांचा.

इथपर्यंत ही आपली खाजगी शरम होती. एखादीने गिळून टाकली असती, मीही टाकणार होते. पण थर्ड इयरला मी कल्चरल कमिटीत गेले आणि जुन्या फायली लावण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात गेल्या वर्षीचं साउंडचं बिल. त्याच्या खाली लाल पेनने: 'ध्वनिव्यवस्था असमाधानकारक, वजा रु. २०००.' शेजारी काकांची सही. मराठीत, हळूहळू काढलेली.

मी ती फाईल तिथेच मिटली आणि कँटीनला गेले. चहा प्यायले. परत आले आणि पुन्हा उघडली. सही तिथेच होती.

कमिटीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मागच्या वर्षाचा हिशोब ऑडिट होऊन बंद झालाय, आता काही करता येणार नाही. सरांची चूक नाही यात, त्यांनी हॉलमध्ये जे ऐकलं तेच लिहिलं. मग मी दोन महिन्यांचा पॉकेटमनी आणि भाऊबीजेचे पैसे एकत्र केले आणि काकांच्या गोडाऊनवर गेले. रूममेट सोबत आली, कारण एकटीने जायची हिंमत नव्हती.

वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पण गंमत बघा, 'सॉरी' म्हणायला मला काहीच लागत नाही. शाळेत आम्ही दिवसातून पन्नासदा म्हणायचो, पेन्सिल पडली तरी. ते काकांसमोर म्हणायला तोंड उघडलं आणि मलाच ते खोटं वाटलं. 'माफ करा' हे मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नव्हतं. म्हणून मी वही काढली आणि त्यांना गणित दाखवलं. इथे २० नॅनोफॅरड, इथे १० किलोओहम, हे बघा, ८०० हर्ट्झ.

काका वही बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे माझ्या बोर्डाची चूक नव्हती."

"नव्हती. माझी होती. तुम्ही डबी लावा म्हणाला होतात."

"मग येवढंच सांगायचं ना, मॅडम. वही कशापायी?"

मी पाकीट पुढे केलं. मला वाटलं होतं ते 'राहू द्या' म्हणतील, सिनेमात म्हणतात तसं. त्यांनी पैसे नीट मोजले आणि खिशात ठेवले. मग पोराला दोन चहा आणायला पाठवलं. तिसरा स्वतःसाठी नाही, त्यांना शुगर आहे.

चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "औंदा वाजवणार का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "का? आता तर डबी लावायची म्हाईत झालं."

तिथून माझा खरा कोर्स सुरू झाला. काका गणपती, लग्न, ऑर्केस्ट्रा सगळं करतात, पण त्यांचं आवडतं काम म्हणजे गावोगावचे हरिनाम सप्ताह. पखवाज, पंधरा-वीस टाळकरी, आणि त्यात एक वीणा. "वीणा ऐकू येत नाय म्हणून वीणेचा माइक वाढवशील तर शिट्टी बसंल," ते म्हणाले. "टाळाचे माइक बंद कर. टाळाला माइक लागतोय कशाला?" मी घरी येऊन याचं गणित शोधलं. उघडे माइक दुप्पट झाले की फीडबॅक न येता आवाज वाढवायची जागा ३ डीबीने कमी होते. गेल्या वर्षी माझ्या वेळी स्टेजवर आठ माइक उघडे होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ: ९ डीबी निष्कारण गेले. आणि ते हंबरणं म्हणजे आपला बार्कहाउझेनच, लूप गेन एक आणि फेज जुळलेली. अख्ख्या हॉलचा ऑसिलेटर झाला होता. लॅबमध्ये माझा ऑसिलेटर कधी पहिल्या झटक्यात चालू झालेला नाही, पण तो झाला.

गॅदरिंगच्या दुपारी काकांनी मला रिकाम्या हॉलमध्ये दोन तास बसवलं. कानाला हेडफोन, हातात पेन्सिलसारखा बारीक कंडेन्सर माइक. हा सप्ताहात वीणेला लावतात. त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात, ते दिले नाहीत तर तो मुका. मला वाटलं होतं माइक गिटारच्या भोकासमोर लावायचा, आवाज तिथूनच येतो ना! काकांनी लावून ऐकवला. नुसतं घुमणं, माठात तोंड घालून बोलल्यासारखं. गिटारची पोकळी १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि भोकासमोर तेच जास्त मिळतं. मग त्यांनी माइक हळूहळू मानेकडे सरकवला. बाराव्या फ्रेटपाशी, मान जिथे पोटाला मिळते तिथे, एक वीत लांब धरला. आणि हेडफोनमध्ये माझी गिटार आली. पाचवीतली, सरांच्या खोलीतली. इतक्या वर्षांत मी ती बाहेरून कधी ऐकलीच नव्हती.

दोन वीत लांब नेला तर आवाज ६ डीबीच्या आसपास पडतो आणि हॉल आत यायला लागतो. म्हणून वीतभरच. "पण वाजवताना झुलायचं नाय," काकांनी दम दिला. खुर्चीच्या चारही पायांना जमिनीवर टेपच्या खुणा केल्या.

माझी साबणदाणीही सांगायला हवी. चकतीसाठी मी स्वतः डबी बनवली होती, एक टीएल०७२ आयसी, नऊ व्होल्टची बॅटरी, इनपुटला १ मेगाओहम, सगळं साबणदाणीत बसवलेलं. काकांनी ती उलटीसुलटी केली, वास घेतला (चंदनाचा होता), आणि म्हणाले, "लाव ही पण." शेवटी मिश्रण ठरलं ते असं: माइक बारा आणे, चकती चार आणे. माइकने गिटार गिटारसारखी वाटते, चकतीने ती मागच्या रांगेपर्यंत तग धरते. ८० च्या खालचं सगळं कापून टाकलं. मग आवाज मुद्दाम वाढवत नेला. गिटार हंबरायला लागली तशी इक्वलायझरवरची १०० ची पट्टी खाली ओढली, पुन्हा वाढवला, पुन्हा ऐकलं. माझा मॉनिटर माझ्यासमोर, माइकच्या पाठीशी ठेवला, कारण तो माइक पाठीमागचं जवळजवळ ऐकत नाही. भोकावर बसवायला मी माउसपॅड गोल कापून आणला होता, फीडबॅक कमी होतो म्हणून. होतोही, पण आवाज पाटी बडवल्यासारखा येतो. काढून टाकला.

सगळं जमलं असं मला वाटलं. काका म्हणाले, "रिकाम्या हॉलवर भरवसा ठेवू नको. लोक आले की आवाज पितात." म्हणजे सबिनच. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये एका लेक्चर हॉलचा घुमणारा आवाज सुधारायला सांगितला, तर हा प्राध्यापक रात्री शेजारच्या थिएटरातल्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमध्ये पसरायचा आणि ऑर्गनचा सूर किती वेळ टिकतो ते मोजायचा. माणसं काय नि गाद्या काय, आवाज पितातच. आपण फर्स्ट इयरला तो फॉर्म्युला ०.१६१ सकट घोकलाय. काकांनी त्यासाठी वरची पट्टी जराशी चढी ठेवली आणि रिव्हर्ब थोडा राखून ठेवला.

आणखी एक काम त्यांनी मला सांगितलं, जे मिक्सरवर होत नाही. "पयलं वाजव. नाचगाण्यानंतर पोरांचे कान सुन्न असत्यात." कमिटीत भांडून मी गणेशवंदनेनंतरचा नंबर घेतला. रेक्वेर्दोस नको, त्याच तारेगाचं 'लाग्रिमा' घेतलं. जेमतेम दोन मिनिटांचं, सोप्या हाताचं. शिवाय आठवडाभर आधी अनामिकेचं नख बादलीच्या कडीत तुटलं होतं. तिथे कॉमनरूममधल्या पिचक्या टेबलटेनिस बॉलचा तुकडा फेव्हिक्विकने चिकटवला आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गोल केला. हे गिटारवाल्यांचं जुनं बँडेज आहे, हसू नये.

संध्याकाळी मी खुणांवर खुर्ची ठेवून बसले. काकांनी माझे दोन सोडून सगळे माइक बंद केले, आणि हात वर करून कोणाला तरी इशारा केला. छतावरचे पंखे थांबले. लगेच मागून आरोळी आली, "फॅऽऽन!" हशा झाला. पण पंखे थांबल्यावर हॉलमध्ये जी शांतता पडते ती त्यांनाही नवीन असावी, कारण हसणं आपोआप विरलं.

मी वाजवलं. मधल्या भागात एक सूर कच्चा लागला, तोही स्वच्छ ऐकू गेला. मागच्या दारातून चार-पाच जण चहाला गेले, तेही मला दिसलं. "आवाऽऽज" कोणी ओरडलं नाही. टाळ्या ठीकठाक पडल्या, सेगोव्हियाला पडत असतील तशा नाहीत. मेसच्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या नंतर म्हणाल्या, "फेडला का नवस?"

सामान आवरायला मिक्सरपाशी गेले तेव्हा काका पुढच्या डान्सची सीडी शोधत होते. त्यांनी वर बघितलं नाही. साबणदाणी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पोरी, फुडच्या टायमाला खुर्ची बदल. करकरती. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली."